बिनपायरीचं दार

प्रिय शेंडेफळा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील, म्हणून आधी सांगून टाकते, इथे सगळे ठणठणीत आहेत. बाबा तर इतके ठणठणीत आहेत की त्यांच्यामागे धावून मीच एखाद दिवशी अंथरूण धरेन. दर आठवड्याला फोन होतोच आपला, मग ताईला हे पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं तू म्हणशील. त्याचं असं आहे, की फोनवर मी चर्चचा विषय काढला रे काढला, की तुझ्या दारावर कुणीतरी येतं. कधी दूधवाला येतो, कधी मीटर बघणारा येतो, मागे एकदा तर म्हणे चुकीच्या पत्त्यावर कपाट घेऊन हमाल आले होते. नेमकी वेळ साधणाऱ्या त्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. पत्राच्या तावडीतून तुला तसं सुटता येणार नाही. घडी घालून बाजूला ठेवलंस तरी ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहील, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू ते उघडशीलच. तेव्हा निवांत बस, चहा घे, आणि मला बोलू दे.

तर बातमी अशी, की गेले काही महिने आपल्या मंडळीची उपासना माझ्या लाँड्रीत भरते. हसू नकोस. म्हणजे हस, आम्हीही हसतो. झालं काय, की चर्चच्या छपराची एक तुळई बाबांना वाकडी दिसली. इतरांना ती सरळच दिसत होती. पण आयुष्यभर सुतारकाम केलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? शेवटी पाळकसाहेबांनी शिडी आणवली, बाबांनी खालून हुकूम सोडले, तुझ्या दाजींनी वर चढून तुळईला पेचकस टोचला आणि तो लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. वाळवी. त्याच दिवशी चर्चला कुलूप लागलं. बाकं, वेदी, ऑर्गन, सगळं पाळकसाहेबांच्या घरामागच्या शेडमध्ये हलवलं. शाळेचा हॉल मिळेल असं वाटत होतं, तर तिथे रंगारी बसलेले. पाळकसाहेब त्या आठवड्यात आपले शर्ट घेऊन दुकानात आले आणि बोलता बोलता भिंतीपासून भिंतीपर्यंत नजर फिरवायला लागले. त्यांच्या डोळ्यांत खुर्च्या दिसायला लागल्या होत्या मला. त्यांनी विचारायच्या आधीच मी हो म्हणून मोकळी झाले. रविवारी दुकान बंदच असतं, नुसतं कुलूप राखत बसण्यापेक्षा काय वाईट.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, लाँड्रीत उपासना, मग बाप्तिस्मे न्हाव्याकडे ठेवा. दोन दिवस अबोला. तुला त्यांचे शनिवार आठवत असतील. संध्याकाळपासून घरात चर्च सुरू व्हायचं. बुटांची रांग, पॉलिशचा वास, आपल्या दोघांची नखं तपासणं, दुसऱ्या दिवशीच्या रुमालांच्या चौकोनी घड्या. देवासमोर जायचं तर ताठ जायचं, हे त्यांचं एकच वाक्य. पहिल्या बाकावर, भिंतीकडून पहिली जागा त्यांची, आणि उपासनेच्या तासाभरात त्यांची मान इकडची तिकडे होत नसे. अशा माणसाला मी धुण्याच्या मशीनांमध्ये बसवणार होते. पण रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी तेच हजर, कोट घातलेला, हातात छत्री, आणि मला म्हणतात, टेबलावर चादर कुठली टाकणार आहेस ती आधी दाखव.

चादर मी माझ्या हातानं कडक केलेली टाकली होती. इस्त्रीचं लांब टेबल म्हणजे आमची वेदी. गिऱ्हाइकांच्या खुर्च्या, शेजारपाजारच्या खुर्च्या, आणि त्याही कमी पडल्या तेव्हा कपड्यांच्या टोपल्या उलट्या करून त्यांवर जाड टॉवेल टाकले. भिंतीवरच्या दांडीला लोकांचे कोट आणि झगे हँगरवर तसेच टांगलेले असतात, ते हलवणार कुठे? त्यामुळे पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले की त्यांच्यामागे आणखी एक मंडळी उभी असल्यासारखी दिसते, फक्त डोकी नसलेली. पहिल्या रविवारी बेकरीवाल्या मावशींना त्याचं इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबून बसल्या. पाळकसाहेब तरुण आहेत, नवे आहेत, त्यांना वाटलं मावशींना रडू आलं. मग त्यांनी उपदेश आणखी लांबवला.

आणि लाँड्री म्हटल्यावर त्यांना विषयांना काय तोटा? डाग, मळ, धुणं, पांढरं शुभ्र होणं, महिनाभर तेच चाललं. शेवटी मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, साहेब, डागांचं माझ्याकडे सोडा, तुम्ही दुसरं काही घ्या. पण एक सांगू का, ह्या डागांवरून मला स्वतःलाच एक गोष्ट कळली, आणि ती मी त्यांना अजून सांगितलेली नाही, नाहीतर त्याचाही उपदेश होईल. आठवडाभर माझ्या काउंटरवर माणसं येतात आणि आपले डाग स्वतः उलगडून दाखवतात. इथे शाई सांडली, इथे तेल उडालं, हे कशाचं आहे मलाच माहीत नाही पण जाईल का बघा. कुणालाही लाज वाटत नाही, कारण मी डाग बघायलाच तिथे बसले आहे हे त्यांना ठाऊक असतं. आणि तीच माणसं चर्चमध्ये पापांगीकाराच्या वेळी कशी बसायची? धुतल्या तांदळासारखी. आता मात्र त्याच काउंटरसमोर गुडघे टेकायचे असतात. काय होतं कोण जाणे, पण त्या वेळी जी शांतता पसरते ती पूर्वी कधी नव्हती. एकदा एका मोठ्या माणसाला हुंदका आला आणि कुणी वळून पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, खरंच की, आपण आणलंय ते घेणारं कुणीतरी पलीकडे उभं आहे, एवढा भरवसा असला की माणूस गाठोडं सोडतो.

बाबा कुठे बसले असतील सांग बरं? तू म्हणशील, सगळ्यात पुढे. मीही त्यांची खुर्ची टेबलासमोर मांडली होती. त्यांनी ती स्वतः उचलली आणि दाराजवळ, तिसऱ्या ड्रायरच्या शेजारी नेऊन ठेवली. मला वाटलं, रुसवा गेलेला नाही. मग वाटलं, तिथे ऊब असते, म्हातारी हाडं आहेत, बसू देत. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आणखी एक उद्योग केला. माझ्या दुकानाच्या दाराला ती एक उंच पायरी होती ना, गेल्या वेळी आलास तेव्हा तुझ्या अंगठ्याला जिची ठेच लागली होती आणि तू दिवसभर लंगडण्याचं नाटक केलंस, तीच. एका सकाळी बाबा गोणपाटात गुंडाळलेली एक जाड फळी काखेत मारून आले आणि पायरीवर उतार बसवायला लागले. हात थरथरतात आता, खिळा धरताना दोनदा बोट चेचलं, पण दाजींना हातोडी लावू देतील तर शपथ. तासभर खपून त्यांनी ती रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत बसवली, वर जुनं पायपुसणं ठोकलं, आणि दार असं झालं की आंधळ्यानंही सरळ आत यावं.

मला वाटलं, मावशींच्या गुडघ्यांसाठी केलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, म्हटलं, बाबा किती हळवे झालेत. पण मावशी त्या उतारावर पाय ठेवायला तयार नाहीत. त्यांना घसरायची भीती. फळीच्या कडेला पायरीचा वीतभर तुकडा उघडा राहिलाय, तिथून त्या माझा हात धरून, पोट आत ओढून, तिरक्या चढतात. त्यात ती फळी नीट बसलेलीही नाही. खाली कुठेतरी पोकळी आहे. पाय पडला की डब्ब असा आवाज होतो, आणि प्रत्येक आवाजाला बाबांची मान दाराकडे वळते. ज्या माणसाची मान चर्चमध्ये कधी हलली नाही, तो माणूस प्रार्थना चालू असताना उशिरा येणाऱ्या एकेकाकडे वळून बघतो. मी एकदा म्हटलं, दाजींना सांगते, एक पाचर मारली की आवाज बंद होईल. तर माझ्यावर वसकन ओरडले, की राहू दे तशीच. एवढे कसलेले सुतार, आणि स्वतःचं काम डुगडुगतं ठेवतात, म्हणजे वय झालं, असं मी मनात म्हटलं.

आता गाण्याचं ऐक. ऑर्गन शेडमध्ये, त्यामुळे आम्ही नुसत्या तोंडानं गायचो, आणि ते ऐकून तू तिथल्या तिथे पळाला असतास. पहिलं कडवं बरं निघायचं. दुसऱ्यात अर्धे लोक पुढे, अर्धे मागे. चौथ्यापर्यंत पोचता पोचता सूर इतका खाली गेलेला असायचा की पुरुषांच्या घशातून नुसती हवा यायची. पाळकसाहेबांना देवानं सगळं दिलंय, फक्त कान द्यायचे राहून गेलेत. मग एका रविवारी हॉटेलवाल्यांचं काम अडलं. त्यांना दुपारपर्यंत जाड ब्लँकेटं वाळवून हवी होती, आणि चालू होता फक्त तिसरा ड्रायर, ज्याचा ड्रम सैल आहे. मी बाबांना भीत भीत विचारलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, तेच मी हो धरलं. मी बटण दाबलं आणि देवाचं नाव घेतलं.

ड्रायर फिरायला लागला. आत ब्लँकेट वर जायचं आणि खाली आपटायचं, धप्प. पुन्हा वर, पुन्हा धप्प. आम्ही गायला उभे राहिलो, आणि काय सांगू तुला, गाण्याला पाय फुटले. तो धप्प कुणासाठी थांबत नव्हता आणि कुणासाठी पळत नव्हता, त्यामुळे आमचा सगळा विस्कटलेला कळप आपोआप त्याच्याबरोबर चालायला लागला. शेवटच्या कडव्यापर्यंत सूर जागच्या जागी. मावशींची मान डुलत होती. मागच्या रांगेतल्या टोपल्या करकरत होत्या. दाजी, जे लग्नातसुद्धा तोंड उघडून गायले नाहीत, ते गात होते. आणि मला एकदम तो रविवार आठवला. मी हळूच बाबांकडे पाहिलं, आता उठतात की काय म्हणून.

कुठला रविवार ते तुला सांगायला नको. पण मी सांगणार आहे, कारण आपल्या घरात तो कुणीच कधी बोलून दाखवला नाही आणि त्यामुळेच तो इतका मोठा होऊन बसला. तुला नुकती मिसरूड फुटली होती. ऑर्गनवर तू बसायचास आणि आई दुसऱ्या बाकावरून तुझ्या बोटांकडे बघत बसायची. त्या दिवशी शेवटच्या गीताला तुझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. तू ताल धरलास, डाव्या हातानं काहीतरी उड्या मारणारं वाजवायला लागलास, आणि सबंध मंडळीचे पाय बाकांखाली हलायला लागले. माझेही हलत होते. मला तो आनंद अजून आठवतो, खरंच. आणि बाबा उठले. सावकाश चालत ऑर्गनपाशी गेले आणि त्याचं झाकण बंद केलं, त्यांनी स्वतः रंधून, पॉलिश करून बसवलेलं ते झाकण. तुझी बोटं तू जेमतेम काढून घेतलीस. ही उपासना आहे, करमणूक नाही, असं म्हणाले. तू उठलास, सगळ्यांच्या मधून चालत गेलास आणि दारात वळून म्हणालास, ह्या पायऱ्या मी पुन्हा चढणार नाही.

आणि चढला नाहीस. कधी आलासच तर शनिवारी घरी येतोस, दोन घास जेवतोस, रविवारी पहाटेच्या गाडीनं पळतोस. दिवसा बसच्या वर्कशॉपमध्ये हात काळे करतोस, संध्याकाळी अकॉर्डियन गळ्यात अडकवून लोकांच्या लग्नांत आणि वाढदिवसांत पाय हलवून देतोस. फोनवर बाबांशी तुझं बोलणं तब्येत आणि हवा ह्यांच्या पलीकडे जात नाही. आई गेल्यावर तिला चर्चमध्ये आणलं तेव्हासुद्धा तू समोरच्या फुटपाथवर उभा होतास आणि तिथूनच आमच्यामागे दफनभूमीत आलास. मला तुझा इतका राग आला होता. बाबांनी खिडकीतून तुला पाहिलं होतं. ते तेव्हा एवढंच म्हणाले, शब्दाचा पक्का आहे. मला वाटलं, रागानं म्हणाले.

तर मी सांगत होते, की मी बाबांकडे पाहिलं. ते उठले नव्हते. खाली मान घालून स्वतःच्या उजव्या बुटाकडे बघत होते. तो बूट, शनिवारी पॉलिश केलेला, ड्रायरच्या तालावर हलत होता. आपला पाय आहे की दुसऱ्या कुणाचा, अशा चेहऱ्यानं ते त्याच्याकडे बघत होते. मी चटकन नजर वळवून गात राहिले. पण पुढच्या रविवारी उपासना सुरू व्हायच्या आधी त्यांनी छत्रीनं ड्रायरला टोचलं आणि विचारलं, हा आज बंद का? मी म्हटलं, आत टाकायला काही नाही. तर म्हणाले, मग भिजवा काहीतरी. तेव्हापासून दर रविवारी सकाळी तुझे दाजी एक कोरडं ठणठणीत ब्लँकेट पाण्यात बुडवतात, ते पुन्हा वाळावं म्हणून. जगात कुठल्या मंडळीत असा विधी असेल असं मला वाटत नाही. आता ब्लँकेट भिजलं का, ही बाबांची पहिली चौकशी असते, मग पाळकसाहेब आले का ही दुसरी.

आणि एका शर्टवाल्याची गंमत तर मी तुला सांगणार होते आणि त्याच दिवशी तुझ्याकडे मीटर बघणारा आला होता. एका रविवारी दार उघडं बघून एक माणूस कपड्यांचं बोचकं घेऊन आत आला. चेहऱ्यावरून कुठल्यातरी रात्रपाळीवरून आलेला. आत एवढी माणसं बसलेली बघून त्याला वाटलं, बापरे, आज नंबर मोठा आहे. बिचारा एका टोपलीवर बोचकं मांडीवर घेऊन बसला. आम्ही उभे राहिलो की उभा राहायचा, बसलो की बसायचा. मग अर्पण घ्यायची वेळ आली. आमच्याकडे ताट नाही, त्यामुळे मी मोज्यांची छोटी टोपली फिरवते. टोपली त्याच्यापर्यंत आली, त्याला वाटलं आला आपला नंबर, आणि त्यानं बोचकं सोडून दोन शर्ट आणि एक विजार नीट घडी करून त्यात ठेवली. वर मला हळूच सांगितलं, कॉलरला जरा बघा. मला काय करावं सुचेना. मी ती टोपली तशीच पाळकसाहेबांकडे नेली. त्यांनी एकदा शर्टांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी टोपली उंच धरून नेहमीसारखी प्रार्थना केली, की हे प्रभू, आम्ही जे आणलं ते स्वीकार.

तेवढ्यात मागून एक आवाज आला. मला वाटलं ड्रायरचा पट्टा तुटला. बाबा हसत होते. उपासनेत. आवाज करून. चष्मा काढून डोळे पुसत होते आणि थांबवता येत नव्हतं त्यांना, आणि ते बघून आम्ही सगळे हसायला लागलो, पाळकसाहेबसुद्धा, टोपली हातात तशीच धरून. तो माणूसही हसला, काय झालं ते कळलं नसतानाच. मला तर वाटतं, त्या दिवशी देवालाही हसू आवरलं नसणार. ते शर्ट मी फुकट धुऊन दिले. तो पुढच्या रविवारी ते घेऊन जायला आला आणि तेव्हापासून येतोच आहे. बाबा संध्याकाळी जेवताना म्हणाले, त्यानं जे होतं ते टोपलीत टाकलं, आम्ही जन्मभर इस्त्री करून आणत राहिलो. बोलले आणि पुन्हा जेवायला लागले. मी मात्र घास हातात धरून बसले होते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. चर्च तयार झालं. नवं छप्पर, भिंतींना रंग, पुढच्या दगडी पायऱ्यासुद्धा घासून नव्यासारख्या केल्यात. गेल्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं, की पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आपण परत जाऊ. टाळ्या पडल्या. मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ते म्हणाले, ऑर्गन शेडमधून आणून जागेवर ठेवलाय, फक्त त्याचं झाकण सापडत नाही, कुणी पाहिलंय का? कुणीच पाहिलं नव्हतं. तेवढ्यात बाबा उठून उभे राहिले. परत जायची घाई त्यांनाच सगळ्यात जास्त असणार असं मंडळी धरून चालली होती. तर ते म्हणाले, तो पहिला रविवार इथेच होऊ दे, आपण त्याच्या पुढच्या रविवारी जाऊ. का, म्हणून विचारलं तर सांगेनात. नुसते उभे. तुला माहीत आहे ते कसे उभे राहतात. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, बरं, एक रविवार आणखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोरचा रस्ता झाडताना मी फळीखालचा कचरा काढायला ती एका बाजूनं उचलली. एरवी कधी उचलली नव्हती. खालच्या अंगाला गर्द लाल पॉलिश होतं, आणि कडेला बिजागऱ्यांच्या दोन खाचा. ते पॉलिश मी कुठेही ओळखीन. दर शनिवारी आई तेलाचा बोळा घेऊन ऑर्गनचं झाकण त्यात आपला चेहरा दिसेपर्यंत घासायची. मी झाडू तिथेच टाकला आणि आत गेले. बाबा त्यांच्या खुर्चीत, ड्रायरशेजारी, पेपर वाचत होते. मी विचारायच्या आधीच माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं. पेपर खाली न करता म्हणाले, तो पायऱ्या चढणार नाही म्हणालाय, चढू नये त्यानं, आपला मुलगा शब्द मोडणारा नाही. मग पेपर खाली केला आणि म्हणाले, इथे पायरी ठेवलेली नाही मी.

शेंडेफळा, म्हणून हे पत्र. पहिल्या आठवड्यापासून ते दाराजवळ तुझ्यासाठी बसलेत. तो आवाज तुझ्यासाठी ठेवलाय, मान तुझ्यासाठी वळते, आणि आता हातात पुढच्या महिन्याचा तो पहिला रविवार तेवढा उरलाय. मी त्यांना म्हटलं, तुम्हीच करा की फोन. तर म्हणाले, फोनवर मला हवापाण्याशिवाय काही बोलता येत नाही, तू लिही. काल त्यांनी आणखी एक काम सांगितलं. त्या रविवारी ब्लँकेट भिजवू नका, ड्रायर बंद ठेवा. मी विचारलं, मग ताल कोण धरणार? ते दाराकडे बघत राहिले. तेव्हा अकॉर्डियन घेऊन ये. शर्ट चुरगळला असला तरी चालेल, माझ्याकडे इस्त्री आहे. दार उघडंच असेल. आणि त्या फळीवर पाय जपून ठेवू नकोस, चांगला दणकून ठेव. बाबांना हल्ली जरा कमी ऐकू येतं.

तुझीच, वाट बघणारी,
इस्त्रीवाली ताई